जुने धान्य, नवे धान्य : ज्यू आहारनियम, पेरणीची तारीख आणि साठवणुकीतील कीड

शेतकऱ्याच्या व्यवहारात धान्याचे वय कापणीपासून मोजले जाते. यंदा मळणी झालेला गहू नवा आणि गेल्या हंगामातील कोठीत उरलेला गहू जुना, हा हिशेब सर्वत्र सारखाच आहे. ज्यू धर्मशास्त्रात मात्र धान्याच्या नव्या-जुनेपणाचा निर्णय कापणीवर होत नाही. बियाण्याने जमिनीत मूळ केव्हा धरले, यावर तो ठरतो. नव्या धान्याला हिब्रू भाषेत ‘हादाश’ आणि जुन्या धान्याला ‘याशान’ म्हणतात. हादाश धान्य ठरावीक दिवसापर्यंत खाणे निषिद्ध आहे. तो दिवस उलटला की तेच धान्य याशान होते आणि खाण्यास मुक्त ठरते.

धर्मनियम म्हणून हा विषय कृषी विस्तार कार्यकर्त्यांना दूरचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी पेरणीचा काळ, अंकुरणाचा वेग, वाणाचा प्रकार, धान्याच्या ढिगांचे विलगीकरण आणि साठवणुकीतील कीड या रोजच्याच गोष्टी आहेत. हा नियम कसोशीने पाळणाऱ्या उत्तर अमेरिकेतील कुटुंबापुढे दर ऑगस्टमध्ये एक पेच उभा राहतो. बाजारात येणारे नवे पीठ चालत नाही, म्हणून जुने पीठ साठवावे लागते. आणि साठवलेल्या पिठात कीड पडली, तर कीटकभक्षणाच्या दुसऱ्या निषेधामुळे तेही खाता येत नाही. या दोन निषेधांमधून वाट काढण्यासाठी शास्त्राइतकेच शेतीचे ज्ञानही लागते.

नियमाचे स्वरूप

या नियमाचा उगम बायबलमधील लेवीय या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. नव्या पिकाची पहिली पेंढी देवापुढे ओवाळून अर्पण होईपर्यंत त्या पिकाची भाकर, भाजलेले दाणे किंवा कोवळी कणसे खाऊ नयेत, असा तेथील आदेश आहे. हे अर्पण सातूचे असे आणि त्याला ‘ओमेर’ म्हणत. वल्हांडण सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे निसान महिन्याच्या १६ तारखेला, जेरुसलेमच्या मंदिरात ते होत असे.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात ओमेरच्या विधीचे तपशील आले आहेत. सातूची कापणी रात्री होई. तीन सेआ, म्हणजे एक एफा सातू कापून आणत. दाणे भाजून दळत आणि पीठ तेरा चाळण्यांतून गाळत. शेवटी एफाचा केवळ दहावा भाग इतके उत्तम पीठ अर्पणासाठी निघे. ओमेरपूर्वी नव्या पिकाची कापणीही सर्वसाधारणपणे वर्ज्य होती. तथापि खोऱ्यातील पाणथळ शेतांना तिच्यातून सूट होती. यरीहोच्या उष्ण खोऱ्यात पीक लवकर तयार होई. तेथील लोक आधी कापणी करीत आणि तिला विद्वानांची संमती असे. पेंढ्यांच्या गंजी रचण्याला मात्र ती संमती नव्हती. पीक शेतात उभे ठेवून दाणे झडू देणे परवडत नाही, ही शेतकऱ्याची अडचण शास्त्रकारांना ठाऊक होती, असे यावरून दिसते.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि ओमेरचे अर्पण थांबले. नियम मात्र टिकला. रब्बान योहानान बेन झक्काई यांनी १६ निसानचा संपूर्ण दिवस निषिद्ध ठरवला. त्यामुळे इस्रायलमध्ये तो दिवस मावळल्यावर आणि इस्रायलबाहेर आणखी एक दिवस थांबून नवे धान्य खाण्यास मोकळे होते.

पाच धान्ये आणि मुळाची कसोटी

हा नियम पाचच धान्यांना लागू आहे. परंपरेने त्यांची नावे गहू, सातू, स्पेल्ट, ओट आणि राय अशी सांगितली जातात. त्यांतील काहींच्या ओळखीबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. ‘कुसेमेत’ या हिब्रू नावाचा अर्थ युरोपातील परंपरेने स्पेल्ट असा घेतला. परंतु प्राचीन इस्रायलच्या शेतीचे अभ्यासक येहुदा फेलिक्स यांनी ते धान्य एमर गहू असल्याचे प्रतिपादन केले. एमर म्हणजेच महाराष्ट्र आणि कर्नाटकात आजही पिकणारा खपली गहू होय. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि कडधान्ये या नियमाच्या कक्षेत येत नाहीत.

मिश्नेतील निर्णायक कसोटी अशी : ओमेरपूर्वी ज्या पिकाने मूळ धरले, ते त्या वर्षीच्या ओमेरने मुक्त होते, मग त्याची कापणी नंतर केव्हाही होवो. ओमेरनंतर ज्याने मूळ धरले, ते पुढील वर्षीच्या ओमेरपर्यंत निषिद्ध राहते. मूळ धरण्यास किती दिवस लागतात, यावर पुढे मतभेद झाले. पेरणीनंतर तीन दिवस पुरेत, असे काहींचे मत आहे. दोन आठवडे धरावेत, असे अधिक कडक मत आहे. अंकुरणाच्या शास्त्राकडे पाहिल्यास दोन्ही मुदती वास्तवाला धरून आहेत. पुरेसा ओलावा आणि सुमारे २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान असल्यास गव्हाचा मूलांकुर दोन-तीन दिवसांत बाहेर पडतो. जमीन पाच अंशांच्या आसपास थंड असल्यास त्याच क्रियेला एक-दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

ज्यू पंचांग चांद्र-सौर आहे. आपल्या अधिक मासाप्रमाणे त्यातही १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना येतो. प्राचीन काळी तो धरावा की नाही हे ठरवताना सातूचे पीक पक्वतेला आले आहे का, याचाही विचार होत असे. या रचनेमुळे १६ निसान हा दिवस मार्चअखेर ते एप्रिलअखेर यांदरम्यान फिरतो. २०१३ मध्ये तो २७ मार्चला आला, तर २०२४ मध्ये २४ एप्रिलला. परिणामी १ एप्रिलला पेरलेला गहू २०१३ मध्ये हादाश ठरतो. तीच तारीख आणि तेच शेत असूनही २०२४ मध्ये तो कडक मतानुसारदेखील याशान ठरतो.

हवामान बदलले आणि अडचण वाढली

इस्रायलच्या भूमध्यसागरी हवामानात पहिल्या शरद ऋतूतील पावसावर गहू आणि सातूची पेरणी होते. सातू वल्हांडणाच्या सुमारास पिकतो आणि गहू त्यानंतर काही आठवड्यांनी. म्हणजे १६ निसानपर्यंत त्या हंगामातील सर्व धान्याने केव्हाच मूळ धरलेले असते. तेथील शेतकऱ्याला हा नियम फार तर काही दिवस थांबायला लावी. ओमेरच्या दिवशी जेरुसलेमचा बाजार पीठ आणि भाजलेल्या दाण्यांनी भरलेला असे, हे मिश्नेतील वर्णन त्या अल्प प्रतीक्षेचेच द्योतक आहे.

ज्यू समाज उत्तर आणि मध्य युरोपात स्थिरावला, तेव्हा परिस्थिती पालटली. तेथे सातू आणि ओट यांची पेरणी बर्फ वितळल्यावर वसंतात होते. वल्हांडणानंतर पेरलेले हे धान्य ऑगस्टमध्ये हाती येई आणि नियमाप्रमाणे पुढील वसंतापर्यंत वर्ज्य राही. सातूपासून बनणारी बिअर हे रोजचे पेय आणि भाकर हे मुख्य अन्न असलेल्या समाजाला आठ महिने नवे धान्य टाळणे शक्य नव्हते. जुने धान्य शिल्लक ठेवण्याची ऐपत तर थोड्यांचीच होती.

या अडचणीतून मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञांनी मार्ग शोधले. जर्मनीतून स्पेनमधील टोलेडो येथे गेलेले रब्बी आशेर बेन येहिएल यांनी दुहेरी संशयाचा आधार घेतला. बाजारातील धान्य कदाचित मागील वर्षाचे असेल. ते यंदाचे असले, तरी कदाचित ओमेरपूर्वी मूळ धरलेले असेल. दोन्ही शंका एकत्र आल्यास सवलत घेता येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पोलंडमधील रब्बी योएल सिर्किस (१५६१–१६४०) यांनी याहून पुढे जाऊन ज्यूंच्या मालकीच्या नसलेल्या शेतातील धान्याला हा नियम लागू होत नाही, असे मत मांडले. युरोपीय वंशाच्या बहुसंख्य ज्यूंचा व्यवहार आजही अशा सवलतींवर चालतो. दुसरीकडे, हा निषेध सर्व देशांत सारखाच बंधनकारक आहे, असे मानणारी परंपराही प्राचीन आहे. गेल्या काही दशकांत काटेकोर पालन करणारी कुटुंबे वाढली आहेत.

एकाच बाजारात दोन प्रकारचे गहू

अमेरिका आणि कॅनडा येथे हा प्रश्न स्पष्ट दिसतो. कॅन्ससच्या परिसरातील हिवाळी गहू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरला जातो, थंडीत सुप्तावस्थेत राहतो आणि जून-जुलैमध्ये कापला जातो. वल्हांडणापूर्वीच मूळ धरलेले असल्याने तो कापणीच्या दिवसापासून याशान असतो. नॉर्थ डकोटा, मोंटाना, मिनेसोटा आणि कॅनडातील सस्कॅचेवान येथील वासंती गहू एप्रिल-मे महिन्यांत पेरला जातो आणि ऑगस्टच्या सुमारास काढला जातो. तो बहुधा हादाश असतो. शेवया आणि पास्ता यांसाठी लागणारा ड्युरम गहू, ओट आणि माल्टसाठीचा सातू यांचे तेथील पीकही मुख्यतः वासंतीच आहे.

वासंती लाल गव्हात प्रथिने अधिक असल्याने पावासाठी त्याला मागणी असते. प्रथिनांचे प्रमाण साधण्यासाठी गिरण्या हिवाळी आणि वासंती गहू मिसळतात. पिठात थोडे सातूचे माल्टही घालतात. त्यामुळे पाकिटावरील ‘गव्हाचे पीठ’ या शब्दांवरून ग्राहकाला काहीच कळत नाही. याशान पाळणारे ग्राहक पॅकिंगच्या तारखेचे सांकेतिक क्रमांक वाचतात. कोणत्या तारखेनंतरचे कोणते उत्पादन नव्या पिकाचे समजावे, याच्या मार्गदर्शिका त्यांच्यासाठी निघतात. काही गिरण्या धार्मिक देखरेखीखाली जुना गहू वेगळ्या कोठीत राखून दळतात.

भारतीय गव्हाचे स्थान

भारतातील गव्हाला हीच कसोटी लावली, तर एक उद्बोधक गोष्ट समोर येते. आपल्याकडील बहुतेक गव्हाचे वाण आनुवंशिक दृष्ट्या ‘वासंती’ प्रकारचे आहेत. फुलोऱ्यासाठी त्यांना दीर्घ कडक थंडीची गरज नसते. पेरणी मात्र रब्बीत, नोव्हेंबरच्या आसपास होते. अमेरिकेत ‘वासंती गहू’ म्हटले की हादाशची शंका येते. भारतात तोच प्रकार वल्हांडणाच्या चार-पाच महिने आधी मूळ धरून बसलेला असतो. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये कापलेला गहू फक्त त्या वर्षीच्या १६ निसानपर्यंत नवा राहील. पंजाब-हरियाणातील गव्हाची कापणी उरकते त्याच सुमारास तो दिवसही मागे पडलेला असतो. याउलट लाहौल किंवा लडाखमध्ये बर्फ वितळल्यानंतर पेरलेला सातू वल्हांडणानंतरचा असल्यास पुढील वर्षापर्यंत हादाशच राहील. वाणाच्या नावावरून किंवा देशावरून हे ठरत नाही. त्या शेतातील पेरणीची तारीखच पाहावी लागते.

या विषयाचा मराठीशी असलेला धागा कोकणातील बेने इस्रायल समाजाचा आहे. रायगड परिसरात तेलाचे घाणे चालवणारा आणि शब्बाथला ते बंद ठेवणारा हा समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. त्यांच्या जुन्या सणांमध्ये तिश्री महिन्यात येणारा ‘खिरीचा सण’ होता. त्या दिवशी नव्या धान्याची, नारळाच्या रसातील गोड खीर होत असे. तांदूळ पाच धान्यांत मोडत नसल्याने भाताच्या नव्या पिकाला हादाशचा निषेध लागू नाही. भातपिकाच्या प्रदेशात राहणाऱ्या समाजाला नवान्नाचा असा आनंद शास्त्राला धक्का न लावता घेता येतो.

जुने धान्य आणि कीड

याशान पाळण्याचा अर्थ व्यवहारात धान्य किंवा पीठ काही महिने साठवणे असा होतो. येथूनच कीटकशास्त्राचा संबंध सुरू होतो. ज्यू आहारनियमांत डोळ्यांना दिसणारे कीटक खाणे निषिद्ध आहे. म्हणून पीठ बारीक चाळणीने चाळून तपासण्याचा प्रघात आहे. धान्य कापल्यानंतर दाण्याच्या आत वाढलेली आणि अद्याप बाहेर न पडलेली अळी व बाहेर पडून वावरणारा कीटक यांत तालमूदने भेद केला आहे. दाण्यातील छुपा प्रादुर्भाव आणि उघड प्रादुर्भाव हा फरक आधुनिक धान्यतपासणीतही महत्त्वाचा आहे.

धान्यकिडींचा इतिहास त्या भूमीतही मोठा आहे. इस्रायलच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली गेलेल्या अतलित-याम या सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतील विहिरीत धान्यातील सोंडकिड्याचे अवशेष सापडले आहेत. मसादा या किल्ल्यावरील धान्य सुमारे शंभर वर्षांनंतरही ताजे होते, असे पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस याने लिहून ठेवले. मोर्देखाय किस्लेव आणि ओरित सिमखोनी यांनी तेथील उत्खननातील अन्नसाठे तपासले असता त्यांत साठवणुकीतील किडींचे अवशेष आढळले. कोरड्या वाळवंटातील राजकोठारही किडींपासून पूर्णपणे सुटले नव्हते.

साठ्याला धोका देणाऱ्या किडी आपल्या परिचयाच्याच आहेत. सोंडकिड्याची मादी सोंडेने दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते आणि छिद्र चिकट स्रावाने बुजवते. अळी आतच वाढते. सुमारे ३० अंश तापमानाला चार-पाच आठवड्यांत प्रौढ कीटक बाहेर पडतो. तोपर्यंत दाणा वरून निरोगी दिसतो. दाणे पोखरणारा लहान भुंगेरा अखंड दाण्याचे पीठ करतो. पिठातील तांबडा भुंगेरा अखंड दाण्याला फारसे नुकसान करू शकत नाही. परंतु फुटके दाणे आणि पीठ यांत तो झपाट्याने वाढतो आणि त्याच्या स्रावामुळे पिठाला उग्र वास येतो. खापरा भुंगेऱ्याची अळी अन्नाविना दीर्घकाळ सुप्तावस्थेत तग धरते, म्हणून रिकाम्या कोठीच्या फटीदेखील साफ कराव्या लागतात.

साठवणुकीचे उपाय

जुने धान्य टिकवण्याचे उपाय कोणत्याही घराला आणि कोठाराला सारखेच उपयुक्त आहेत.

पहिला नियम ओलाव्याचा. दीर्घ साठवणुकीपूर्वी गव्हातील ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. तो ९ टक्क्यांच्या खाली आल्यास सोंडकिड्याची वाढ जवळजवळ थांबते. दाताखाली दाणा कट्ट वाजून फुटणे ही वाळवणीची परिचित खूण आहे. मोठ्या साठ्यासाठी मात्र ओलावामापक वापरणे इष्ट.

दुसरा नियम रूपाचा. धान्य पिठापेक्षा चांगले टिकते. दळल्यावर दाण्याचे नैसर्गिक कवच नष्ट होते, अंकुरातील तेल हवेच्या संपर्काने खवट होते आणि दुय्यम किडींना आयते अन्न मिळते. म्हणून साठा धान्याचा ठेवून गरजेपुरतेच दळावे.

तिसरा नियम तापमानाचा. तापमान १५ अंशांखाली गेल्यावर बहुतेक धान्यकिडींची वाढ थांबते. उणे १८ अंशांच्या घरगुती फ्रीझरमध्ये छोट्या पाकिटातील अंडी, अळी, कोष आणि प्रौढ या सर्व अवस्था साधारणतः चार ते सात दिवसांत मरतात. मोठ्या पिशवीचा मध्यभाग थंड होण्यास अधिक वेळ लागतो, हे ध्यानात घ्यावे. बाहेर काढल्यावर पाकीट सामान्य तापमानाला आल्यावरच उघडावे, म्हणजे पिठावर दव धरत नाही. मेलेले कीटक पिठातच राहतात. त्यामुळे आधीच किडलेल्या पिठाला हा उपाय नाही.

चौथा नियम हवाबंदपणाचा. बंद आवरणात धान्य आणि कीटक यांच्या श्वसनाने प्राणवायू घटतो आणि कर्बवायू वाढतो. किडींचे खाणे व प्रजनन थांबून त्या मरतात. या तत्त्वावरील लवचीक हवाबंद आवरणांच्या विकासात इस्रायलच्या व्होल्कानी संस्थेतील श्लोमो नवारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कार्य महत्त्वाचे आहे. या पद्धतीत धान्य पूर्ण वाळलेले आणि आवरण छिद्ररहित असणे अनिवार्य आहे. ओले धान्य हवाबंद केल्यास ते बिघडते.

विस्तार कार्यासाठी बोध

याशान शोधणारा ग्राहक शेवटी दोनच प्रश्न विचारतो : हे धान्य केव्हा पेरले होते, आणि तेव्हापासून ते कसे राखले? पहिल्याचे उत्तर शेतकऱ्याच्या नोंदवहीत असते, दुसऱ्याचे कोठारात. ढीग एकदा मिसळले की दोन्ही उत्तरे कायमची हरवतात. बियाणे उत्पादक, सेंद्रिय मालाचा खरेदीदार आणि निर्यातदार यांचे प्रश्नही याच स्वरूपाचे असतात.

म्हणून प्रत्येक ढिगासोबत वाण, शेताचा गट क्रमांक, पेरणी व कापणीची तारीख, साठवतानाचा ओलावा आणि कीडनियंत्रणाच्या प्रत्येक उपायाची तारीख लिहिलेले एक कार्ड ठेवण्याची सवय शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांमध्ये रुजवणे हितावह ठरेल. जुना साठा नव्यापासून वेगळा ठेवावा, तो आधी वापरावा आणि नवे धान्य भरण्यापूर्वी कोठी पूर्ण रिकामी करून झाडावी. जुन्या पोत्यांतील दोन-चार भुंगेरे नव्या पिकात शिरण्याचा मार्ग त्यामुळेच बंद होतो.